पाचवी नळी

काम तसं पाच मिनिटांचं होतं. धाकट्या बहिणीने फॉर्मवर सही केली, मुलीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "ताई, उरकून टाक गं. उगाच कशाला ठेवायचे?"

ताई या इस्पितळाच्या लॅबमध्ये सोळा वर्षं गोठवलेले गर्भ सांभाळत होती. बहिणीचे सहा होते, प्रत्येक आपापल्या बारीक नळीत. त्यातून निवडून काढलेला एक म्हणजे बाहेर बसलेली भाची. चार वर्षांची, देखणी, निरोगी, कधी हट्ट म्हणून न केलेली. मापं देऊन शिवून घेतलेल्या झग्यासारखी कुठेच न चुकलेली पोर. उरलेल्या पाचांच्या तपासणीच्या कागदावर नापसंतीची कारणं होती. दमा. कानांनी अधू. उंची कमी. जाड चष्मा लागेल. आणि पाचव्यापुढे, 'अभ्यासात बेताचा'. ते वाचून ताईला हसू आलं. असं बघून टाकायचं ठरलं असतं, तर गणितात दोनदा नापास झालेली ती तरी इथे कुठून असती? मग मात्र तिला कसंसंच झालं.

नियम असा, की नळी टाकून देताना एकाने नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने बघून 'पाहिलं' म्हणायचं आणि दोघांनी सही करायची. आज जोडीची बाई रजेवर होती. घरचंच काम, कोण विचारतंय, म्हणून दोन्ही सह्या ताईनेच ठोकून दिल्या.

नळ्या गोठवून ठेवलेल्या नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडताच पांढरी वाफ फरशीवर उतरली. भर दुपारी खोली गारठली. तिने पहिली नळी उचलली आणि सवयीने नंबर वाचला.

"पाहिलं…"

धाप लागल्यासारखा, लहान मुलाचा आवाज. ती गर्रकन वळली. मागे कोणी नव्हतं. काचेपलीकडे बहीण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, भाची शेजारी पाय हलवत. भास झाला, असं स्वतःला बजावत ताईने नळी बाहेर ठेवली. बाहेरच्या उबेत दोन मिनिटांत आतलं सगळं संपतं.

दुसरा नंबर.

"पाहिलं!" हा उगाच मोठ्याने, स्वतःलाच ऐकू न आल्यासारखा. तिसरा आवाज टेबलाच्या काठाखालून आला. चौथा अगदी कानाशी, जवळ येऊन वाचल्यासारखा. ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण हात सवयीने चालतच राहिले.

पाचवी नळी चिमट्यात धरून तिने नंबर वाचला. उत्तर येईना. मग कुणीतरी अडखळत विचारलं, "मावशी… मी काय म्हणायचं असतं?"

ताईचा जीव गलबलला. भीती बाजूला राहिली. तिने ती नळी पुन्हा टाकीत सोडली, झाकण लावलं, कुलूप घातलं आणि ती बाहेर आली.

"झालं सगळं?" बहिणीने विचारलं.

"झालं."

बहिणीशी इतकं मोठं खोटं ती पहिल्यांदाच बोलली.

भाची बाकाच्या टोकाला सरकली होती. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत तिने बोटांवर मोजलं. "आई, चारच आलेत. एकाला मावशीने आत लपवलंय."

बहिणीचा चेहरा पांढरा पडला. "ताई… काय म्हणतेय ही?"

ताईने खिशातली किल्ली मुठीत आवळली. ती बोलणार, तोच तिचं लक्ष बाकाच्या गादीकडे गेलं. तिथे ओळीने चार लहान खळगे पडले होते, आणि ती गुणी पोर एकेकाला हाताने हळूहळू बाकावरून खाली ढकलत होती.