न लागलेला पिवळा दिवा

शनिवारी सकाळी वायरमन मकबूलच्या बायकोचा, रझियाचा फोन आला, तेव्हा विजयमाला रणपिसे चहाचा पहिला घोट घेत होत्या. तो पहिला आणि शेवटचाच ठरला.

"मॅडम, ह्यांना आत टाकलंय. सोमवारपर्यंत कोठडी. म्हणतात, गाडीची वायर मुद्दाम कापली. तुम्ही तर ओळखता ना ह्यांना?"

ओळखत होत्या. विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासणं हा विजयमालांचा धंदा. बारा वर्षांत पुण्यातले शेकडो वायरमन त्यांनी पाहिले होते, आणि त्यातले बहुतेक चूक झाकण्यात पटाईत होते. मकबूल एकटाच असा, की विचारायच्या आधी स्वतःची चूक सांगून मोकळा व्हायचा. असा माणूस आत जायचाच, असं त्यांना वाटून गेलं.

प्रकरण वर्तमानपत्रात आलं होतं. कोथरूडचे अभय शेवाळे, आयटी कंपनीत नोकरीला. त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन बसलं म्हणून वारज्याच्या वैजनाथच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या मॉडेलचं इंजिन टाकून घेतलं. वायरिंग मकबूलचं. दसऱ्याच्या सकाळी अभयची बायको दीपाली गाडी घेऊन निघाली. वारज्याच्या पुलाखाली वळताना स्टिअरिंग एकाएकी जड झालं आणि गाडी खांबावर गेली. दीपालीच्या मणक्याला मार बसला होता. तिला पाय जाणवत नव्हते.

गाडी चौकीच्या आवारात उभी होती. फौजदार जगदाळे दात कोरत बाहेर आले.

"स्टिअरिंगखाली वायर कापलेली सापडली, मॅडम. अजून काय बघायचंय?"

"ती कुठून कुठे जाते, ते."

"कापली ना पण!"

"हार्मोनियमचीही वायर कापली तर गाडी थांबत नाही, साहेब."

हार्मोनियमला वायर नसते, हे फौजदारांच्या जरा उशिरा लक्षात आलं. तोवर विजयमाला गाडीत बसल्या होत्या.

त्यांनी किल्ली फिरवली. बॅटरी शाबूत होती. समोरचे दिवे लागले, लाल, हिरवे, सगळे. एक जागा मात्र काळीच राहिली. किल्ली फिरवल्यावर क्षणभर तरी लागायलाच हवा असा, स्टिअरिंगचा पिवळा दिवा.

मग त्या कापलेली वायर धरून हळूहळू पुढे गेल्या. अर्धा तास लागला. ती स्टिअरिंगच्या मोटरकडे जातच नव्हती. ती जात होती त्या दिव्याकडे.

वायरीची दोन्ही टोकं नीट दुमडून वर टेप गुंडाळली होती. टेप कापडी, आणि तिच्यावर दोऱ्याची गाठ. टेप सोडली तेव्हा रबरावर पक्कडीचे दात उमटलेले दिसले. त्या खाचांमध्ये लाल भुकटी होती. विजयमालांनी ती पांढऱ्या कागदावर झटकली आणि बोटानं चोळली. गंज असा पसरत नाही.

"कुंकू," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग!" फौजदार खूश झाले. "गॅरेजमध्ये खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पुरावाच मिळाला की."

मकबूल गजांपलीकडे उभा होता. दोन दिवसांची दाढी वाढली होती.

"स्टिअरिंग जड का झालं?" विजयमालांनी विचारलं.

"माझ्यामुळेच, मॅडम." हे ऐकून फौजदारांनी वही उघडली. "इंजिन चालू आहे, हे स्टिअरिंगच्या मोटरला एक वायर कळवते. हे इंजिन पडलं दुसऱ्या गाडीचं. त्याचा निरोप मधूनच तुटतो. निरोप तुटला की मोटर बंद, आणि स्टिअरिंग दगड. त्यासाठी एक भाग मागवला होता. तो येईपर्यंत गाडी नेऊ नका म्हणालो, तर शेवाळेसाहेब भांडले. त्यांना दसऱ्याला गाडी दारात हवी होती."

"मग सोडलीत का?"

"गॅरेजमालक म्हणाले, दे. मी साहेबांना तीनदा सांगितलं, पिवळा दिवा लागला की पुढे जाऊ नका. कडेला घेऊन गाडी बंद करा. दिवा आधी लागतो, मॅडम. पाच-सात सेकंद तरी."

"तक्रारीत ते म्हणतात, दिवा लागलाच नाही."

मकबूलनं कपाळ गजांना टेकवलं. "मग मी काय बोलू? त्यांची बायको दवाखान्यात आहे. माझं कोण ऐकणार?"

विजयमाला चौकीतून बाहेर पडल्या. त्या तडक वारज्याला गेल्या.

वैजनाथ गॅरेजच्या दारातच बसला होता. काम बंद होतं.

"गाडी कधी सोडली?"

"मंगळवारी सांजच्याला. अष्टमी व्हती."

"हत्यारांची पूजा?"

"बुधवारी सकाळी. झेंडू दरसाल मकबूलच आणतो."

"मंगळवारी एखाद्या पक्कडीला कुंकू असेल?"

"मागल्या साली लावल्यालं? बाई, वरीसभर ग्रीसात लोळत्यात ती. पूजेच्या आदी रॉकेलनं धुतो, तवा लोखंड दिसतं."

"आणि पूजेनंतर?"

"दसरा झाल्याबिगर हात लावत न्हाई आमी. हत्याराला इसावा नको व्हय?"

विजयमालांनी फळीवरच्या टेपा पाहिल्या. सगळ्या चकचकीत प्लॅस्टिकच्या. कापडी टेप मागितली, तर वैजनाथ हसला. "ती आता कुठं मिळती?"

दुपारी चारला त्या कोथरूडला पोचल्या. दार अभयच्या वडिलांनी, बाबुरावांनी उघडलं. स्वारगेटच्या डेपोतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात लपत नाहीत. अभय दवाखान्यातून कपडे बदलायला आला होता. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली.

टेबलावरच्या दिव्याची केबल एका जागी कापडी टेपनं सांधली होती, वर दोरा बांधून. देवघरासमोर पाटावर पक्कड आणि दोन स्क्रू ड्रायव्हर होते. हळदकुंकू लावलेलं, झेंडू सुकलेला. पक्कडीच्या तोंडाशी मात्र कुंकू पुसलं गेलं होतं.

विजयमाला खुर्चीवर बसल्या. इथून उठून जावं, रिपोर्टमध्ये काहीतरी मोघम लिहावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण मकबूलचं कपाळ डोळ्यांपुढून हलेना.

"अभय, पिवळा दिवा कधीच लागला नाही?"

"दसऱ्याला नाही. दीपाली शुद्धीवर आल्या आल्या तेच म्हणाली."

"मी दसऱ्याचं विचारलं नाही."

त्यानं शर्टाचं एक बटण सोडून पुन्हा लावलं. मग म्हणाला, "मंगळवारी लागला होता, सोसायटीत शिरताना. So what? दुसऱ्या दिवशी नव्हता."

"तो लागला तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"आठवत नाही."

"मला आठवतं," बाबुराव म्हणाले. "गाडी विकू नका, इंजिन बदला, हा सल्ला माझा. हा म्हणाला, या बाबा, तुमच्या अकलेचा उजेड बघा. चार शेजारी उभे होते."

मग विजयमालांनी सावकाश सांगायला सुरुवात केली.

"पोलिसांना वाटलं, वायर कापली म्हणून स्टिअरिंग जड झालं. तसं नाही. ती वायर नुसती दिव्याची आहे. कापणाऱ्याला अपघात घडवायचा नव्हता, त्याला फक्त दिवा नको होता. मकबूलला तो हवा होता, कारण त्याची सगळी भिस्त त्या दिव्यावर होती. वैजनाथला गाडी हातावेगळी करायची होती, हे खरं. पण मंगळवारी गॅरेजमधून निघालेल्या गाडीचा दिवा सोसायटीत लागला, म्हणजे तोवर वायर शाबूत होती. आणि कुंकू ताजं होतं. हत्याराला कुंकू लागतं ते बुधवारी. तेव्हा गाडी इथे होती, तुमच्या पार्किंगमध्ये."

अभय पाटाकडे बघत होता.

"कापडी टेप, दोऱ्याची गाठ. हल्ली असं नेटकं काम कोण करतं, बाबुराव?"

बाबुरावांनी हात मांडीवर पालथे ठेवले.

"पूजा झाल्यावर उचलली पक्कड. चौतीस वर्षांत खंडेनवमीला हत्याराला हात लावला नव्हता. वाटलं, हा झोपलाय तोवर दिवा घालवू. जुन्या गाडीत लागतात असे उगीच. मग याला म्हणालो, बघ, गेला की नाही? नव्या इंजिनाला रुळायला वेळ लागतो." त्यांनी विजयमालांकडे पाहिलं. "त्या गॅरेजच्या पोरानं दिव्याचं काय सांगितलंय, ते मला कुणी बोललं नाही हो."

"मी नाही सांगितलं," अभय म्हणाला. "भाग यायच्या आधीच गाडी आणली म्हणून तुम्ही मला बोलाल, एवढ्यासाठी." आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला. "तक्रार मी दिली, बाबा. मला वाटलं, भांडणाचा राग काढला त्यानं."

विजयमालांना दोघांचाही संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

संध्याकाळी तिघं चौकीत गेले. बाबुरावांनी सगळं सांगितलं. फौजदारांनी लिहून घेतलं, दोनदा वाचलं.

"ठीक आहे. सोमवारी कोर्टापुढे ठेवतो."

"त्याला आज सोडा," बाबुराव म्हणाले. "मला ठेवा त्याच्या जागी."

"आजोबा, इथे बदली कामगार चालत नाही. कोठडी कोर्टानं दिलीय, कोर्टच काढणार. उद्या रविवार."

विजयमालांनी रिपोर्ट पुढे केला. फौजदारांनी तो अदबीनं घेतला आणि पेपरवेटखाली ठेवला. रझिया बाकावरून उठली होती, ती पुन्हा खाली बसली.

बाबुराव गजांपाशी गेले. त्यांनी हात जोडले. मकबूलनं बाहेरचं सगळं ऐकलं होतं. त्यानं म्हाताऱ्याच्या हातांकडे पाहिलं.

"सूनबाई पाय हलवतात का?" त्यानं विचारलं.

बाबुरावांनी मान हलवली. नाही.

मकबूल गजांपासून मागे सरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.