तुमचा फॉर्म पोचला

माझा आणि विद्यापीठाच्या त्या ॲपचा छत्तीसचा आकडा. त्यामुळे कॅन्टीनमध्ये एक अनोळखी मुलगा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला की, विद्यापीठाचं ॲप नव्याने करतोय, पाच मिनिटं वापरून बघाल का – तेव्हा आपण कुणाच्या शेपटीवर पाय दिलाय हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

मी त्याला सगळं ऐकवलं. गेल्या वर्षी परीक्षेचा फॉर्म मी अगदी वेळेत भरला होता. भरून 'जतन करा' दाबलं, ॲपने मला मुकाट्याने पहिल्या पानावर आणून सोडलं, आणि मी समजले, गेला फॉर्म. खरं बटण होतं 'सादर करा'. ते पार तळाला, फिकट राखाडी, पान सरकवल्याशिवाय नजरेलाही न पडणारं. परीक्षेच्या तोंडावर सगळ्यांची हॉल तिकिटं आली, माझं काही आलं नाही. शेवटचं वर्ष हातचं गेलं. परीक्षा विभाग म्हणाला, विद्यार्थिनीचा हलगर्जीपणा. आई म्हणाली, एवढी घोडी झालीस आणि साधा फॉर्म भरता येईना? यंदा पुन्हा गडबड झाली तर शिक्षण पुरे, मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हेही तिने सांगून टाकलं होतं.

एवढं ऐकल्यावर माणूस काढता पाय घेतो. हा खुर्ची ओढून बसला. त्याने जुनं ॲप उघडून फोन माझ्यापुढे ठेवला, तेव्हा काय केलंत ते जसंच्या तसं करून दाखवा म्हणाला, आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून गप्प झाला.

मी भरत गेले. मध्येच अडले, चिडले, त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ.

"तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

"नाही. तपासणाऱ्याने बोलायचं नसतं. मी बोललो तर तुम्ही माझं ऐकाल... मला ॲप काय सांगतं ते बघायचंय."

"आणि हात कशाला दाबून ठेवलेत?"

"नाहीतर बोट आपोआप पुढे जातं. दाखवायला."

माझा अंगठा 'जतन करा'वर गेला. पान उडालं. त्याने त्या रिकाम्या पहिल्या पानाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चूक तुमची नव्हती."

वर्षभर हे एक वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. घरी नाही, वर्गात नाही, कुठेच कुणी ते म्हटलं नव्हतं. मी घाईघाईने कॉफीचा घोट घेतला, तरी डोळ्यांत पाणी आलंच. कॉफी फार गरम आहे, जीभ पोळली, असं मी त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला. कॉफी केव्हाची निवली होती हे त्याला दिसत होतं, पण बोलला नाही.

मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी विद्यार्थी पकडून आणू लागले. त्याच्या कामाची पद्धत बघण्यासारखी होती हो. कुणी अडलं की हा पठ्ठ्या खूश. अंगठा कुठे थबकतो, भुवई कुठे चढते, यावर त्याची नजर. एका मुलीच्या फोनची काच तडकलेली होती, तर तिच्या तड्याआड बटण जातंय म्हणून त्याने ते हलवून बघितलं. डावखुऱ्यांना वेगळं बसवलं. भर उन्हात जिन्यावर उभा राहून अक्षरं वाचता येतात का ते स्वतः तपासलं, आणि नाक लाल करून घेतलं. मी म्हटलं, मौनीबाबा, टोपी घाला. तो म्हणाला, परीक्षेला पळणारी मुलं कुठे टोपी घालतात? एवढा जीव लावून काम करणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता, आणि खरं सांगते, मी त्या कामापेक्षा त्या माणसाकडेच जास्त बघू लागले होते.

एकदा त्याने मला विचारलं, फॉर्म गेल्यावर शेवटच्या पानावर काय हवं? मला विचार करायलाही वेळ लागला नाही. मी म्हटलं, "लिहा – तुमचा फॉर्म पोचला. आता निर्धास्त राहा." त्याने एक शब्द बदलला नाही. तसंच्या तसं घातलं, मोठ्या अक्षरांत.

घरी आईच्या लक्षात यायला काय वेळ! भाजी निवडता निवडता म्हणाली, "हल्ली तुझ्या बोलण्यात ॲप कमी नि तो जास्त असतो." मी म्हटलं, काहीतरीच तुझं. पण मान वर करायची सोय राहिली नाही.

मग मंजुरीची बैठक आली. फॉर्म सुटायला आठवडा उरला होता. नवं ॲप मंजूर झालं नाही तर यंदाही तेच राखाडी बटण, तीच मी, आणि मामाचा गल्ला. मौनीबाबाने मला वापरणाऱ्यांची प्रतिनिधी म्हणून नेलं होतं, आणि माझं वर्ष कसं गेलं तेही सुरुवातीलाच सांगितलं होतं. परीक्षा विभागाचे साहेब चष्मा पुसत म्हणाले की जुन्यात वाईट काय आहे, मुलं धांदरट असतात त्याला ॲप काय करणार, आणि ते 'निर्धास्त राहा'चं पान तर निव्वळ फापटपसारा आहे.

माझा पारा चढला होता. तेवढ्यात मौनीबाबा उठला. जुन्या ॲपचा फोन साहेबांपुढे ठेवून अदबीने म्हणाला, "सर, एकदा तुम्हीच भरून बघता? विद्यार्थ्याचं खातं उघडून ठेवलंय."

आणि येऊन माझ्या शेजारी बसला. हात मांड्यांखाली.

साहेबांनी फॉर्म भरला, अगदी नीट, सावकाश. 'जतन करा' दाबलं. पान उडालं. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "झालं की. काय अवघड होतं?"

मौनीबाबाने हळूच विचारलं की फॉर्म आलाय का, तुमच्या संगणकावर बघता का? साहेबांनी बघितलं. पुन्हा बघितलं. चष्मा काढून पुसला. मला वाटलं होतं, या क्षणी मी फिदीफिदी हसेन. पण मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर.

साहेब माझ्याकडे वळले. "बाळ, तुझं वर्ष काही मला परत देता येत नाही," ते म्हणाले आणि कागद ओढून त्यांनी मंजुरीची सही केली.

फॉर्म सुटले त्या दिवशी मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून माझा भरला. तो शेजारी, नेहमीसारखा हात दाबून. शेवटचं पान उघडलं, माझंच वाक्य माझ्यापुढे आलं, आणि अंगातला वर्षभराचा शीण निघून गेला. फोन आईला लावला. आई म्हणाली, "माझंच चुकलं गं तेव्हा... आणि त्या मुलाला घरी चहाला बोलाव."

फोन ठेवला. वारा सुटला होता, त्याचे केस कपाळावर उडत होते. त्याचं इथलं काम आज संपत होतं, पुढचं काम दुसऱ्या शहरात. तो नुसता समोर बघत होता.

"आता तरी बोला," मी म्हटलं. "चाचणी संपली."

त्याने हात मांड्यांखालून काढले. कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"मी... मला इतरांना गप्प बसून बघायची सवय. पण तुझ्याकडे बघताना ते कामासाठी नव्हतं. केव्हापासूनच नव्हतं. मी तिकडून दर शनिवारी येईन. कामाशिवाय येईन. मला तू... मला तू फार आवडतेस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मला लगेच हो म्हणायचं होतं. पण इतके दिवस मला छळलं होतं ना त्या मौनाने? मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि सरळ समोर बघत बसले.

त्याचा चेहरा उतरला. मग कान लाल झाले. मग बिचारा जागच्या जागी चुळबुळू लागला.

"अगं... काहीतरी म्हण. निदान पोचलं की नाही तेवढं तरी..."

मी उजवा हात मोकळा केला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"पोचलं," मी म्हटलं. "आता निर्धास्त राहा."