तोफेची दिशा

दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. अमेरिकेत, कॅरी या गावापासून वीस मिनिटांवर एक औषध कंपनी आहे, तिथे मी चाचण्यांचे कागद तपासते. आकडा जुळला नाही की फाइल परत, मग समोर कोणी का असेना. हीच खोड मी घरीही आणली. माझ्या जेवणाच्या टेबलावर कधीच कोणी जेवत नाही, तिथे रणगाड्यांची मॉडेल्स बनतात. भरतकाम सोडून हे काय चालवलंयस, असं मंडळाच्या गणपतीत कुणीतरी दरवर्षी विचारतंच. मी म्हणते, डोळे दोन्हीत फुटतात, मग आवडीच्या कामात फोडलेले बरे.

२००७च्या जुलैमध्ये आमच्या मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या गिरीशचे वडील भारतातून आले. पुरुषोत्तमकाका. मेजर म्हणून निवृत्त झालेले, साठीचे, पण पाठ अजून परेडवरची. एका शनिवारी चहाला आले ते टेबलाशीच उभे राहिले. कप हातात तसाच गार झाला.

"सुमेधा, माझा टँक करशील?"

त्यांचा टँक म्हणजे एकाहत्तरच्या लढाईतला सेंच्युरियन. काका तेव्हा चोवीस वर्षांचे, टँकचे कमांडर. गोळा लागला तेव्हा आत चौघं होते. तिघं वाचले, ड्रायव्हर जगराम गेला. हरयाणातल्या त्याच्या गावी शाळेतल्या एका खोलीला आता त्याचं नाव देणार होते. त्याच्या बायकोनं काकांना कळवलं होतं की, ते ज्यात गेले ती गाडी मला एकदा हातानं पाहायची आहे. तिची दृष्टी गेली होती.

"फोटो आहे का एखादा? रेफरन्सशिवाय मी काही करत नाही, काका."

"फोटो नाही. पण मला पाठ आहे तो."

खरंच पाठ होता. डाव्या मडगार्डला कुठे पोचा होता, मागच्या पेटीचं कुलूप कुठल्या बाजूला लटकायचं, बादली कशाला अडकवलेली असायची. मी विचारायची, ते सांगायचे आणि मी पुस्तकांतल्या आराखड्यांशी ताडून बघायची. एकही गोष्ट चुकली नाही. असा साक्षीदार मला नोकरीत एकदाही भेटला नव्हता. मला ते फार आवडायला लागले.

एकाच प्रश्नाला ते खिडकीबाहेर बघत बोलले.

"गोळा लागला तेव्हा तोफेचं तोंड कुठे होतं?"

"सरळ समोर. ट्वेल्व ओ'क्लॉक." मग घड्याळ पाहून म्हणाले, "चलतो. गिरीश वाट बघत असेल."

ऑगस्टमध्ये टँक बराचसा उभा राहिला. एकास पस्तीस मापाचा, म्हणजे दोन ओंजळींत मावेल एवढा. टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारा वरचा भाग, अजून नुसताच वर ठेवलेला होता. एका सोमवारी सकाळी मी तो सरळ करून ऑफिसला गेले. संध्याकाळी सहाला आले तर तोफ उजवीकडे वळलेली आणि थोडी खाली झुकलेली. बाहेर लख्ख ऊन होतं. मी एकटी राहते, दाराला कुलूप होतं. एसीचा झोत बसला असेल असं म्हणून मी त्या बाजूची जाळी बंद केली.

मंगळवारी तेच. मी कोनमापक लावला. तीस अंश. बुधवारी टरेटला चिकटपट्टी लावून गेले. आल्यावर पट्टी जागच्या जागी होती, सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती, आणि तोफ तीस अंशांवर.

मला भीती वाटली नाही, राग आला. माझ्या टेबलावर माझ्या मापाला कोण दुरुस्त करतंय? मी टरेट कायमचा चिकटवून टाकला. या कामाचा ग्लू प्लास्टिक किंचित वितळवतो, दोन तुकडे एकजीव होतात. तोडल्याशिवाय ते सुटत नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी मी दार उघडलं आणि चपला न काढताच टेबलापाशी गेले. तोफ तीस अंश उजवीकडे. भिंगाखाली सांधा पाहिला. तो तुटलेला नव्हता. मी पहिल्यापासून तो तसाच चिकटवला असावा, इतका स्वच्छ होता.

मग मी आराखडा काढून बसले. या टँकमध्ये ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो. त्याच्या डोक्यावर दोन पल्ल्यांची छोटी झडप असते, तीच त्याची बाहेर पडायची वाट. तोफ सरळ असेल तर झडप उघडते. तीस अंश उजवीकडे आणि एवढी खाली असेल तर तोफेची नळी बरोबर झडपेवर येते. मग ती आतून कितीही ढकलली तरी उघडत नाही.



मी मॉडेलचं रोज वजन करते, रंगाचा थर जाड होऊ नये म्हणून. बुधवारी दोनशे बारा ग्रॅम होतं. गुरुवारी दोनशे चौदा. मधल्या काळात मी रंगाला हात लावला नव्हता. किटच्या खोक्यात न वापरलेला एक प्लास्टिकचा सैनिक पडून होता. उगाच म्हणून तो काट्यावर ठेवला. दोन ग्रॅम.

ड्रायव्हरच्या जागी मी काहीही बसवलं नव्हतं. मॉडेल कानाशी धरून हलकेच हलवलं. आत काहीतरी सरकलं आणि झडपेला खालून टेकलं.

मी ते खाली ठेवलं. पुन्हा हलवायचा मला धीर झाला नाही.

शनिवारी मी काकांना बोलावलं. त्यांनी टँक पाहिला आणि खुर्ची ओढून बसले. हे कसं झालं, असं त्यांनी विचारलंच नाही.

"कोण बोललं तुझ्याशी?"

"कोणी नाही. आपोआप वळतंय, काका. ग्लू लावला तरी."

 ते रिपोर्ट द्यावा तसं बोलले. "तोफ उजवीकडेच होती. गोळा लागला आणि टरेटची मोटर जळाली. आग मागून येत होती. हातानं फिरवायचं एक चाक असतं. तोफ झडपेवरून हटवायला अर्धं मिनिट लागलं असतं. जगराम इंटरकॉमवर सांगत होता. ओरडत नव्हता, सांगत होता. मी गनरला धरून बाहेर ओढलं. परत आत गेलो नाही."

"काय सांगत होता?"

"ते राहू दे."

मी उठून त्यांना पाणी दिलं. ग्लास त्यांच्या दातांवर वाजला.

"त्या बाईला मी स्वतः जाऊन सांगितलंय," ते म्हणाले, "एका क्षणात गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. छत्तीस वर्षं ती त्या एका वाक्यावर जगली. आता आंधळी बाई झडपेवरून हात फिरवणार. तुझ्या ऍक्युरसीपायी मी तिला काय सांगू? सरळ कर, बेटा. प्लीज."

ऑफिसात मी दशांश चिन्हासाठी माणसांना रडवलं आहे. पण साठीचा माणूस माझ्यासमोर हात जोडून बसला होता, आणि तो म्हणत होता ते मला दयेचंच वाटलं. खरं सांगायचं तर मलाही ती तोफ झडपेवर बघवत नव्हती. मी सांधा करवतीनं कापला, आत पोलादी पिन घातली, तोफ सरळ बसवली. खालच्या पाटीवर लिहिलं, 'सर्व तपशील पडताळलेले', आणि सही केली. ती सही करताना वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

त्यानंतर तोफ सरळच राहिली. वजन मात्र मी पुन्हा केलं नाही.

डिसेंबरात गिरीश भारतात गेला, टँक त्यानंच नेला. काकांनी गुडघ्याचं कारण सांगून इथला मुक्काम वाढवला होता. कार्यक्रमाच्या दिवशी रविवार होता. सकाळी गिरीशच्या बायकोनं, राधिकानं, मला पोह्यांना बोलावलं. नऊच्या सुमाराला फोन आला, तिनं तो स्पीकरवर टाकला.

"कार्यक्रम मस्त झाला, बाबा!" गिरीश खुशीत होता. "सुमेधा, एकच गोष्ट. प्रवासात टरेट थोडा हलला बहुतेक. राइटला वळलाय. पण कोणाला कळलं नाही, डोन्ट वरी."

"पिन मोडली का?" मी विचारलं.

"कसली पिन? सगळं फिट आहे यार, हलत पण नाही."

काकांनी चमचा खाली ठेवला.

"एक मिनिट हं, जगरामजींचा मुलगा बोलतोय."

"नमस्ते, साहब," एक भारदस्त, थकलेला आवाज आला. "माँ सुबह से गाड़ी गोद में लेकर बैठी है। कान लगाकर। किसी को देती नहीं। आपसे बात करना चाहती है।"

फोन कुणाच्या तरी हातात गेला. श्वास ऐकू आला. मग म्हातारीचा आवाज, अगदी शांत.

"साहब, ये कह रहे हैं, थोड़ी-सी घुमा दो।"

राधिका माझ्याकडे बघायला लागली. काका बघत होते ते फोनकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्या दिवशी इंटरकॉमवर कोणते शब्द होते ते.

 काकांची उजवी मूठ वळली, टेबलाच्या कडेशी आली आणि हवेत गोल फिरायला लागली. सावकाश, जड चाक ओढावं तशी.

"बाबा?" राधिकानं त्यांचं मनगट धरलं. मग मीही धरलं. आम्हा दोघींनाही ते थांबवता येईना.

"हाँ, साहब," म्हातारी फोनवर म्हणाली. "थोड़ा और।"