सातव्या टेकमधली नजर

दिवसभर मी लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. स्वतःच्या लग्नाचा विषय मात्र प्रेयसीजवळ सहा वर्षांत तोंडातून निघाला नव्हता. आधी सिनेमा, मग ते, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिनेही कधी घाई केली नाही. उलट माझ्या पहिल्यावहिल्या लघुपटात बिनतक्रार काम केलं.

शूटिंग ताईच्या फ्लॅटमध्ये झालं. तिची बदली झाल्यापासून तो रिकामाच होता. शेवटचा शॉट साधा होता: खिडकीशी बसून बाहेर बघायचं, बस्स. सात टेक घेतले. खोलीत आम्ही तिघंच. ती, कॅमेऱ्यामागे मी, आणि साउंड बघणारा माझा मित्र. त्याला सगळे 'कान' म्हणतात.

सोमवारी दुपारी मी आणि कान स्टुडिओत फुटेज बघायला बसलो. पहिल्या टेकमध्ये ती बाहेर बघत होती. दुसऱ्यात क्षणभर दाराकडे. चौथ्यात खोलीच्या मधोमध. सातव्यात तिने मान वर केली होती, अगदी जवळ येऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तशी. आणि ती लाजली होती.

"हे तू सांगितलंस तिला?" कानने विचारलं.

"नाही रे."

"त्या दिवशी तिने असं काही केलंच नव्हतं. मी समोर होतो."

मीही होतो. डोळ्याची पापणी न लववता बघत होतो.

मी तिला फोन लावला.

"अरे, तूच तर जवळ येऊन उभा राहिलास," ती हसली. "म्हटलं, साहेबांना आज काहीतरी सुचलंय!"

"मी कॅमेऱ्यामागून हललोच नाही."

"चेष्टा पुरे. मला इथे ताईंच्या फ्लॅटवर बोलावून घेतलंस, आणि आता वर खिडकीत उभा राहून हात काय हलवतोयस? येते ना जिना चढून."

फोन बंद झाला. फ्लॅटची एकुलती एक किल्ली माझ्या खिशात होती.

कान स्कूटर काढेपर्यंत मला दम निघाला नाही. मी पळतच सुटलो. वाटेत चारदा फोन केला. तिने उचलला नाही.

दार सताड उघडं.

ती खिडकीशी उभी होती. एकटी. डोळे ओले, पण चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"काही विसरलास का?" तिने विचारलं.

"मी... मी आत्ता येतोय."

"पुरे हं! सहा वर्षं लावलीस विचारायला, आणि मी 'हो' म्हटल्यावर तुझीच फे फे उडाली?"



तिने पुढे होऊन माझा घामाने गार पडलेला हात हातात घेतला.

हळूहळू तिचं हसू मावळलं. हात सोडून ती एक पाऊल मागे सरकली.

"मघाशी गरम होता तुझा हात," ती म्हणाली.