पटावरचा धीट शिवहार

"तुमचा वजीर चुकीच्या घरात ठेवलाय तुम्ही," केतकी हळूच म्हणाली. स्पर्धेत समोरच्याला असं सांगायचं नसतं. पण तो इतका निवांत बसला होता, की तिच्यानं राहवलं नाही.

"चुकून न्हाई ठिवला. तुमच्यासाठीच हाय... घ्या की."

तिनं घेतला. चार खेळ्यांत तिच्या राजावर मात झाली.

"असा वजीर देऊन टाकतं का कुणी?"

"ज्याला घाई असती, त्यो देतो."

"कसली घाई?"

"डाव संपल्याबिगर तुमचं नाव कसं इचारावं —"

केतकीनं हसू ओठांतच दाबलं.

सत्त्याण्णवचा उन्हाळा होता. वाळत घातलेल्या हळदीचा वास शाळेच्या खिडकीतून आत येत होता. तो शिवहार, आखाडा बाळापूर गावचा. बाप नामाजी मेंढरं राखणारा. केतकीचे वडील व्यंकटराव वसमतला कचेरीत कारकून. पुढं दर रविवारी वाचनालयाच्या ओसरीवर दोघांचा पट मांडला जाऊ लागला. तिच्या बोटांना बोट लागलं, की तो नीट ठेवलेली प्यादी उगाच पुन्हा नीट करी. ती प्रत्येक डाव हरायची, आणि रविवारची वाट बघायची.

व्यंकटरावांच्या कानावर गेलंच. ते ओरडले नाहीत. "आधी नोकरी दाखव," शिवहारला एवढंच म्हणाले.

रेल्वे तेव्हा खेळाडू घेत होती. औरंगाबादच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आला, की काम होणार होतं. शेवटच्या डावात नुसती बरोबरी पुरत होती. समोरच्यानं ती देऊ केली, हातही पुढं केला. शिवहारनं मान हलवली आणि हत्ती देऊन टाकला. समोरचा राजा निसटला... डाव गेला, नोकरीही.

वसमतच्या बसस्टँडवर केतकी त्याची वाट बघत होती.

"बरोबरी का नाही घेतलीस?"

"राजा उघडा दिसला गं. मग दुसरं काही दिसलंच न्हाई."

"मीसुद्धा?"

तिनं डोळे पुसले.

"बरं. नोकरी राहू दे. बाळापूरची गाडी लागलीय, मी येते तुझ्यासोबत. आत्ता."

"मेंढरांमागं हिंडशील?"

"हिंडेन."

"न्हाई केतकी... तुला लई तकलीफ व्हईल. वडलांची मान खाली जाईल."

"पटावर सगळं उधळून देतोस, आणि इथं घाबरतोस?"

"पटावर हारलो, तर म्या एकलाच हारतो."

तो गाडीत चढला. गाडी वळेपर्यंत तिला वाटत होतं, तो उतरेल.

त्याच वर्षी मार्गशीर्षात केतकीचं लग्न झालं. नवरा परभणीचा, स्वभावानं चांगला. शिवहारचं नाव मग अधूनमधून पेपरात येई — आक्रमक खेळाडू म्हणून. तो बुद्धिबळातला मास्टर झाला, नांदेडला पोरांना शिकवू लागला, त्याचंही लग्न झालं, हेही तिला पेपरातून आणि माहेरच्या माणसांकडून कळत गेलं. ऐकून ती "बरं झालं" म्हणायची.

दोन हजार पाचला ती कळमनुरीला मावशीकडं आली होती. बाजारात एका म्हातारीनं तिचा हात धरला.

"केतकी ना तू? म्या नर्मदा. शिवहारची माय."

"तुम्ही मला कसं ओळखलंत?"

"तुझ्या लग्नात पाह्यलं व्हतं. आमी दोघं आलतो, शिवहार अन् म्या. तुला घिऊन जायला."

बाजाराचा गलका केतकीला ऐकू येईनासा झाला.

"मंडपाच्या दारातून त्यानं पाह्यलं. तू नवऱ्याशेजारी बसून हसून राहिली व्हतीस. म्हनला, माय, खुश हाय ती... चल मागं. वाटंत लई रडला लेकरू."

कसंबसं ती म्हणाली, "काकू, फोटोवाला हसा म्हणत होता हो... फोटोवाला."

नर्मदाबाईनं पदराच्या शेवानं तिचे डोळे पुसले. "माझ्याच्यानं हे त्याला सांगवनार न्हाई, पोरी," ती म्हणाली. "आता त्याला दोन लेकी हायत."