अठरा विसांत एक पान कमी

पळसाची पानं आणायला नाथाजी शंभर वेळा तरी माळावर गेला असेल. गावात लग्न निघो की बारसं, पत्रावळ्या लावायच्या म्हटलं की पहिली हाक त्यालाच. सतरा वर्षांचा काटक गडी, झाडावर वानरासारखा चढणारा. म्हणून पौषातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी तो खांद्यावर पोतं टाकून निघाला, तेव्हा परक्या माणसाला त्यात काही वेगळं दिसलं नसतं. पण वाटेत गुंडा टपालवाला भेटला. एरवी तो लांबूनच ओरडायचा, "काय नाथाजीराव, कुनाचं लगीन?" त्या दिवशी तो वाट सोडून बाजूला उभा राहिला आणि नाथाजी पुढं जाईपर्यंत स्वतःच्या वहाणांकडं बघत राहिला.

या वेळी पानं जेवायला नव्हती. त्या पानांचा माणूस करायचा होता.

नाथाजीचा थोरला भाऊ जोतीराम मराठा पलटणीत होता. आई-बाप एकाच आठवड्यात पटकीनं गेले, तेव्हा नाथाजी चार वर्षांचा. दादानंच त्याला खांद्यावर बसवून वाढवला. पुढं लढाई पेटली, दादा अंजनावैनीला घरात ठेवून साता समुद्रापार गेला, आणि फिरत फिरत त्याची पलटण ग्रीस देशात पोचली. तिथून पंधरा-वीस जणांना एका बारक्या बेटावर पहाऱ्याला ठेवलं.

जोतीरामाला लिहायचा भारी नाद. पत्रावर पत्रं यायची. नाथाजीनं दुसरीतच शाळा सोडलेली. तो अक्षराला अक्षर जोडत वाचायचा आणि वैनी चुलीपुढं हात थांबवून ऐकायची.

"हितली घरं चुन्यानं पांढरी केल्याली, दारं निळी. झाड औषधाला न्हाई. पावसाचं पानी हौदात साठवून वर्सभर पेत्यात. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून खात्यात. मानसं समुद्राच्या तळाला बुडी मारून स्पंज काढत्यात. मी वर हुबा ऱ्हाऊन वीस मोजतो, फिरून वीस मोजतो, तरी मानूस वर येत न्हाई. आन समुद्राचा आवाज कसा, तर आपल्या माळावरच्या पळसांत वारा शिरल्यावानी. डोळं झाकलं की मी माळावरच."

नाथाजीला ती पत्रं आवडायची. पण दसऱ्याच्या आधी एक पत्र आलं. लढाई संपली होती, गावचे दोघं-तिघं परतही आले होते, आणि जोतीरामानं लिहिलं होतं, "आनखी सालभर हितंच ऱ्हावं म्हनतो. हितलं समदं वहीत उतरून काढायचंय. सायेब हो म्हनलाय."

नाथाजीचं डोकं फिरलं. वैनीला न विचारता त्यानं पेन्सिल घेतली आणि आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत तीन ओळी. "तितं ऱ्हायचं तर ऱ्हा. आमी तुजं कोन. तितंच मर." खाली नाव. ते मात्र दादाच्या टाकानं, पक्क्या काळ्या शाईत, ठळक.

दिवाळीत तार आली. बोट उलटली. जोतीराम बुडाला. प्रेत सापडलं नाही.

तेव्हापासून नाथाजी धड जेवला नव्हता. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात त्या तीन ओळी फिरत होत्या.

चुलते तात्याबा अडीच-तीन महिने थांबले. मग म्हणाले, "सरकारनंच मेला म्हनून कळवलंय. कशाची वाट बघायची? पानांचा पुतळा करून अग्नी देऊ, पोराचा जीव तरी सुटंल." भटजींनी सांगितलं, तीनशे साठ पानं लागतील. एक कमी चालणार नाही. कमी पडलं तर माणूस पुरा होत नाही, आणि पुरा न झालेला माणूस जात नाही.

तीनशे साठ म्हणजे अठरा विसा. नाथाजीची मोजणी विसाच्या पुढं अडखळायची, म्हणून त्यानं आपली रीत धरली. वीस पानं झाली की सुतळीनं एक जुडी बांधायची आणि जमिनीवर एक खडा मांडायचा.

माळावर चिटपाखरू नव्हतं. ऊन डोक्यावर आलेलं. सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा झालेल्या. बारा जुड्या झाल्या, तेरा झाल्या. पौषातली पानं जून, चामड्यासारखी. तोडताना प्रत्येकाचा कट्ट असा आवाज व्हायचा.

चौदाव्या जुडीला त्याला वाटलं, वारा सुटला. लांबून सळसळ आली, चढत चढत जवळ आली, पायाशी येऊन फुटली आणि मागं सरली. पुन्हा आली. पुन्हा सरली. नाथाजीनं वर बघितलं.

एकही पान हलत नव्हतं.

मग वास आला. खारट, ओला, बाजारातल्या सुक्या मासळीच्या पाटीसारखा. पन्नास कोसांत समुद्र नाही, आणि माळावर तो वास अंगाला चिकटत होता. नाथाजीनं ओठांवरून जीभ फिरवली. मीठ.

"बारा... तेरा..." तो जुडीतली पानं मोठ्यानं मोजू लागला. आपल्याच आवाजाची सोबत व्हावी म्हणून. "चवदा..."

"चवदा..." अर्धा श्वास मागं, कुणीतरी म्हणालं.

नाथाजीनं मोजणं थांबवलं.

"पंधरा... सोळा..." तो आवाज थांबला नाही. कोरडा, सावकाश, दाणे निवडत बसलेल्या माणसासारखा. कुठल्याच झाडामागून येत नव्हता. नाथाजीचे पाय जमिनीला चिकटले, पण हात... हात त्या मोजणीबरोबर चालत राहिले. पान तुटत होतं, जुडी बांधली जात होती, खडा मांडला जात होता. पंधरावी. सोळावी. सतरावी. अठराव्या जुडीचं एकोणिसावं पान पडलं. विसावं त्याच्या हातात आलं.

आणि कानाशी अगदी लागून, तोंडात पाणी गेलेल्या माणसासारखा दुसराच आवाज आला.

"नाथा... एक ऱ्हाऊ दे रं..."

तो आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता.

नाथाजीनं विसावं पान पैरणीच्या आत खुपसलं. सुतळी संपली होती. त्यानं पटक्याचा लाल काठ फाडून एकोणीस पानांची जुडी बांधली, अठरावा खडा मांडला आणि पोतं पाठीवर टाकून सुटला. मागं सळसळ बंद झाली होती. मोजणारा आवाजही.

दिवेलागणीला वैनी गोठ्यात दूध काढत होती. नाथाजी तिच्यामागं जाऊन उभा राहिला.

"वैनी... एक पान कमी आनलंय."

"चुकलासा का भावजी?"

"न्हाई. दादानं सांगितलं."

धारेचा आवाज थांबला. नाथाजीनं माळावरचं सगळं सांगितलं. आणि बोलता बोलता, कुणी न विचारता, ते पत्रही सांगून टाकलं. "मी त्येला मर म्हनून लिवलं, वैनी. माज्या हातानं." तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

अंजनानं दुधाचं भांडं बाजूला ठेवलं. मग तिनं हात पदराला पुसून पुढं केला. "त्ये पान हिकडं द्या."

"उद्या कुनी मोजलं तर?"

"जुड्या मोजत्याल. पानं कोन मोजतंय?" तिनं पान नवऱ्याच्या पत्रांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. झाकण घट्ट दाबून लावलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी पुतळा झाला. डोक्याला नारळ, हाता-पायांना पानांच्या जुड्या. "अठरा विसा पुऱ्या हायत न्हवं रं?" तात्याबांनी विचारलं.

"व्हय," नाथाजी म्हणाला.

भटजींनी एक जुडी छातीसाठी उचलली. लाल काठाची. नाथाजी पुढची जुडी हातात देत राहिला. त्याच्याच हातानं अग्नी लागला.

पानं पेटली, आणि मीठ टाकल्यासारखी तडतडू लागली. हात जळाले, पाय जळाले, नारळ फुटला. छाती पेटेना. लाल काठ जळून गेला तरी ती जुडी हिरवीच्या हिरवी, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. "वली पानं आनलीस व्हय रं?" तात्याबा पुटपुटले आणि काठीनं निखारे ओढत राहिले. भटजींनी आणखी तूप सोडलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठं ती काळी पडली. घरी अंजनाच्या बांगड्या फोडल्या. ती रडली नाही, म्हणून बायका कुजबुजल्या.

पौष गेला, माघ गेला. नाथाजी उसाला पाणी पाजायचा आणि सळसळ झाली की दचकून बघायचा. मी वेडा तर झालो नाही ना, असं त्याला वाटायला लागलं होतं. आपण दादाचा जीव मधेच अडकवून ठेवला असेल तर? हातानं मर लिहिलं, आणि मरूही दिलं नाही... वैनीला हे विचारायची त्याची छाती होत नव्हती.

फाल्गुनात एका सकाळी गुंडा टपालवाला बांधावरून पळत आला. एक वहाण कुठं तरी गळाली होती.

"नाथ्याऽ! आरं, मेलेल्या मानसाचं टपाल वाटायला मला सरकार पगार देत न्हाई! घे बाबा, तुजं तूच बघ!"

पाकिटावर जोतीरामाचं अक्षर होतं.

वैनी दाराची चौकट धरून उभी राहिली. नाथाजी अक्षराला अक्षर जोडू लागला, पण अक्षरं पाण्यात हलत होती.

"चिरंजीव नाथास आशीर्वाद. मी जिता हाय. बोट उलटली तवा फळीला धरून वाहत गेलो. स्पंजवाल्यांनी मला आनखी बारक्या बेटावर नेऊन टाकलं. तितं चारच घरं. हिवाळ्यात बोटी बंद, म्हनून कुनाला कळवता आलं न्हाई. तापात पडून हुतो. पौषातली आवस आसंल, त्या दिशी समदं अंग पेटलं. कातडीला फोड आलं. छातीवर तेवढी पानाएवढी जागा गार ऱ्हायली. मला वाटलं, घरच्या म्हातारीनं हात ठिवलाय. तिनं खुनेनं सांगितलं, मी हात लावलाच न्हाई.

"आदल्या दिशी मला दोघं मोजताना ऐकू येत हुतं. विसाला अडखळनारा तूच, म्या वळखलं. दुसरा कोन त्ये ठावं न्हाई. त्यो अडखळत नव्हता. तुमचं मोजून हुयाच्या आत मी जीव खाऊन वरडलो.

"तुजं पत्र माज्या खिशात हुतं. समुद्रानं समदं पुसलं, तुजं नाव तेवढं ऱ्हायलं. काय लिवलंवतंस त्ये मी इसारलो. तूबी इसर. उनाळ्यात येतो. वही संगट आनतो."

अंजना आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर ते पान होतं. दीड महिन्याचं, आणि आत्ता तोडल्यासारखं हिरवं. ती हसत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

तात्याबा धावत आले, दोनदा पत्र वाचून घेतलं आणि मटकन ओट्यावर बसले. "आता गं? आगीन दिलेला मानूस म्हागारी आला तर त्येचं फिरून बारसं करावं लागतं. पाळणा कुनाचा मागायचा? ह्यो घोडा मावायचा हाय का त्येच्यात?" मग एकदम भानावर येऊन ओरडले, "आरं, आदी कासाराला बोलवा! सूनबाईचं हात मोकळं हायती!"

घरात हसणं उसळलं. नाथाजीला आत थांबवेना. तो उठला आणि कुणाला न सांगता माळाकडं पळत सुटला. त्या झाडाला मिठी मारायची, पोट भरून ओरडायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

माळ लाल झाला होता. फाल्गुनात पळसाला फुलं तेवढी असतात; पानं सगळी झडून जातात. साऱ्या माळावर औषधाला हिरवं पान नव्हतं.

त्या झाडाखाली नाथाजीचे अठरा खडे त्यानं मांडले होते तसेच ओळीनं होते. आणि प्रत्येक खड्याशेजारी हिरव्या, ताज्या पानांची एक चळत रचलेली होती. देठांना अजून चीक होता.

नाथाजीचं हसू ओठांवरच राहिलं. तो खाली बसला. त्यानं शेवटची चळत मोजली. वीस. त्याच्या आधीची मोजली. वीस. अठरा विसा पुऱ्या होत्या.

कुणासाठी, ते त्याला ठाऊक नव्हतं. कुठल्या गावचा, कुणाचा भाऊ, कुणाच्या वाटेला डोळे लावून कोण बसलेलं... वारा नव्हता. तरी लांबून सळसळ चढत येत होती. या वेळी खारा वास नव्हता. ओल्या मातीचा होता, खोल विहिरीतल्यासारखा.

नाथाजीनं शेवटच्या चळतीतलं एक पान उचललं. पैरणीच्या आत, छातीशी धरलं. आणि मागं न बघता, न पळता, एक एक पाऊल टाकत माळ उतरू लागला.

त्याच्या पाठीमागं, सावकाश, कोरड्या आवाजात, कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं होतं.