दोन डाव्या बाह्या

बसा आत्याबाई. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लटपटतो, इकडे खुर्चीत बसा. तुमची भाची शाळेत गणवेश पोचवायला गेलीय, येईलच एवढ्यात. तुम्ही तिला तुमच्या गावी न्यायला आलात, ते ठाऊक आहे मला. पण ती येईपर्यंत एक गोष्ट ऐका. मी शिलाईची मशीनं दुरुस्त करणारा माणूस, शाळेत फार टिकलो नाही, तेव्हा तोंडात येईल तशी सांगणार. प्रेमाची आहे. तोंड वाकडं करू नका, सभ्य आहे.

कपड्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं, ते कळलंच असेल तुम्हाला. सकाळी माणसं डबे घेऊन कामावर गेली, तर फाटक बंद. तुमच्या भाचीचा पगार गेला म्हणजे अख्ख्या घराचा गेला. तुमचे भाऊ पायांनी अधू, त्यांची औषधं, खोलीचं भाडं, सगळं त्या पोरीच्या सुईवर. थोडे दिवस ती मिळेल ते काम शोधत फिरली, मग माझ्या दुकानात आली. जुनं मशीन मिळेल का, शिवणकाम करून चार पैसे सुटतील, म्हणाली. आणि तेवढ्यात दारात एक उंच पोरगा. पावसात भिजलेला, केसातून पाणी ठिबकतंय. त्यालाही मशीनच हवं. माझ्याकडे विकायला होतं एकच.

"मी आधी आले," ही म्हणाली.

"आधी मीच आलो होतो. तुम्ही दारात छत्री मिटत होता, म्हणून वाट दिली."

"वाट दिली ना? मग मशीनही द्या."

मला हसू आवरेना. दोघंही त्याच कारखान्यातले निघाले. एकाच हॉलमध्ये वर्षं काढली, पण ती या टोकाला, हा त्या टोकाला. तिथल्या घरघराटात शेजारच्याचं ऐकू येत नाही, तर त्या टोकाचं कुठून येणार? मी म्हटलं, भांडू नका. मशीन राहू दे इथेच, या खिडकीपाशी. सकाळी ही चालवेल, दुपारी हा. दुसरं हाताला लागलं की बघू.

आता खरी गंमत. शेजारणीनं तिला नवऱ्याचा शर्ट शिवायला दिला. कॉलर अशी बसली की बघत राहावं. पण बाह्या? मांजरानं ओढल्यासारख्या चुणलेल्या. त्याचं काय असतं आत्याबाई, कारखान्यात अख्खा शर्ट कोणीच शिवत नाही. ही आली तेव्हापासून कॉलरच लावत आली. खिशाचा माणूस वेगळा, काजांचा वेगळा. बिचारी शर्ट खिळ्याला टांगून डोळे पुसत घरी गेली. दुपारी तो आला, शर्टाकडे बघितलं, मला काही विचारलं नाही. बाही उसवली आणि पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी ही बघते तर डावी बाही लोण्यासारखी, आणि उजवी होती तशीच! चिडली. त्या दिवशी मुद्दाम दुपारपर्यंत थांबली आणि तो येताच म्हणाली, "मदत करायची तर पुरी करावी. अर्धी सोडून मला खिजवताय का?"

तो खाली बघून म्हणाला, "मला... डावीच येते."

"म्हणजे?"

"मी डाव्या बाह्या लावायचो. उजवीला दुसरा होता."

मग जी हसत सुटली! गळ्यातली टेप खाली पडली, ती त्यानं उचलून दिली, तरी हसणं थांबेना. त्या दिवसापासून तो डाव्या झाला. तो तिला कॉलर म्हणायला लागला. का, तर मान कायम ताठ.

सकाळ-दुपार वाटून दिलेली, पण तिची सकाळ लांबायला लागली आणि त्याची दुपार लवकर व्हायला लागली. तो चिंध्यांवर उजवी बाही शिकत बसायचा. हात ऐकेना. एकदा ही पुढे झाली, म्हणाली, पुढून नको, मागच्या अंगानं सुरुवात करा. आणि त्याच्या हातावर हात ठेवून कापड फिरवून दाखवलं. बाही बसली झकास. पण नंतर आपापला हात कुठे ठेवावा, ते दोघांनाही सुचेना. मी तेलाची कुपी शोधायला लागलो. हातातच होती माझ्या.

तो मधूनच म्हणायचा, कारखाना पुन्हा सुरू झाला तर. मी म्हणायचो, आत्याबाईला मिशा असत्या तर. म्हण आहे हो, तुम्ही मनावर घेऊ नका.

काम वाढलं. पँटी आखूड करणं, चेनी बदलणं, मग शाळेचे गणवेश. पुढे मला दुसरं मशीन मिळालं. मी दोघांना म्हटलं, चला, आता ज्याचं त्यानं आपल्या घरी न्या. तर ही म्हणते, घरी जागा नाही. तो म्हणतो, इथे उजेड चांगला आहे. बाहेर आभाळ काळंकुट्ट, दुकानात दिवा लावलेला, आणि म्हणे उजेड! ठेवली दोन्ही शेजारी शेजारी.

खोटं नाही सांगत आत्याबाई, पगाराइतकं सुटत नाही. एखादा आठवडा कोरडाही जातो. पण तुमच्या भावाचं औषध चुकलेलं नाही, भाडं थकलेलं नाही.

मग तुमचा फोन आला. तुमच्या गावात हिच्यासाठी पक्की नोकरी बघितलीय, मी येऊन घेऊन जाते, वडिलांनाही मागाहून आणू. तिनं इथे येऊन सांगितलं, आवाज एकदम सरळ, भाव सांगावा तसा. डाव्या 'चांगलं झालं' म्हणाला आणि मशीनवर बसला. दिवसभर मान वर केली नाही. संध्याकाळी तिनं त्यानं शिवलेला शर्ट हातात घेतला, उलटासुलटा केला. पठ्ठ्यानं दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या आणि डाव्याच जोडल्या होत्या. उजव्या हाताच्या कफाची चीर, मागे हवी ती, आलेली पुढे.

"लक्ष कुठे होतं तुझं?" अहो-जाहो कधी गेलं होतं, मलाही कळलं नव्हतं.

"तू जाणार आहेस... तिथे."

"मग तोंडानं सांगायचं. कापड गिऱ्हाइकाचं आहे."

"सांगतो. जाऊ नकोस. मला... लग्न करायचंय तुझ्याशी."

तिनं शर्ट त्याच्यापुढे ठेवला. म्हणाली, "आधी ती बाही उसव."

त्यानं उसवली. टाका टाका करून, ही समोर उभी. पुरी झाल्यावर म्हणाली, "हो. मलाही करायचंय." आणि लगेच रडायला लागली. का? तर म्हणे, आई गेल्यावर आत्यानं मला वाढवलं. तिनं चल म्हटलं तर माझ्यानं नाही म्हणवणार नाही. मी जाईन, आणि तिला कधी कळूही देणार नाही.

म्हणून मी मध्ये तोंड घातलं. तिला ठाऊक नाही मी हे बोलतोय ते. पोरगा निर्व्यसनी आहे, एकटा आहे, कामाला वाघ. तुमच्या भावाला त्यानं परवा पाठीवर घेऊन दवाखान्याचा जिना चढवला. पण ते तुम्ही त्यांनाच विचारा. नोकरीचं म्हणाल तर तुमचंही चूक नाही. महिन्याचा पगार तो पगार.

ती बघा, आलीच. नव्या कापडाचा गठ्ठा डाव्याच्या डोक्यावर, छत्री हिनं त्याच्यावर धरलीय आणि स्वतः भिजतेय. आत्याबाई, माझं एकच ऐका. तिला चल म्हणू नका, राहा म्हणू नका, काही सांगू नका. सांगितलंत की ती हो म्हणेल, काहीही सांगा. तिला फक्त विचारा, तुला काय हवंय. आणि विचारून झालं की, ती बोलेपर्यंत थांबा.